परशुराम घाटात गरम झाली की बंद पडणारी गाडी: एका पल्सर कॉइलचा छडा

गाडी भाच्याची. शंभर सीसीची, चार-स्ट्रोक, कार्बुरेटरवाली, फक्त किकची. सावर्ड्याहून लोट्याच्या एमआयडीसीत पाळीला जायचं आणि यायचं, एवढंच तिचं काम. माझं चिपळुणात मोटर रिवाइंडिंगचं छोटं दुकान आहे. पंप, पंखे, मिक्सर माझ्याकडे येतात. मोटरसायकलचा मी मेकॅनिक नाही. पण २०२३ च्या ऑक्टोबरात भाचा गाडी दुकानात लावून म्हणाला, "मामा, तू बघ आता. माझे अडीच हजार गेले आणि गाडी आहे तिथेच आहे." तेव्हा नाही म्हणायला तोंड नव्हतं. का ते पुढे येईल.

तक्रार अशी. सकाळी थंड गाडी एका किकला सुरू. सावर्डे ते चिपळूण काही त्रास नाही. बहादूरशेख नाका मागे टाकून वाशिष्ठीचा पूल ओलांडला आणि परशुराम घाट चढायला लागलं, की दुसऱ्या-तिसऱ्या वळणाला गाडी बंद. दहा-पंधरा मिनिटं कठड्याला टेकून उभं राहायचं, मग परत एका किकला सुरू. पाळीला उशीर ठरलेला. येताना घाट उताराचा, त्यामुळे परतीला बहुतेक वेळा काहीच होत नसे.

हे सगळं जुलैत सुरू झालं होतं, तेव्हा रूप वेगळं होतं. पावसात सकाळी दहा-दहा किका माराव्या लागायच्या. गॅरेजवाल्याने आधी प्लग बदलला, मग प्लग कॅप. ऑगस्टमध्ये घाटात बंद पडायला लागली, तेव्हा प्लगची कॉइल आणि सीडीआय (ठिणगी कधी पाडायची ते ठरवणारा इलेक्ट्रॉनिक डबा) बदलला. सीडीआय बदलल्यावर आठवडाभर गाडी छान चालली, म्हणून सगळ्यांना वाटलं सापडलं. सप्टेंबरात कार्बुरेटरची किट. शेवटी निदान झालं ते "बॅटरी डाऊन आहे, म्हणून करंट कमी पडतो".

त्या माणसाला मी नावं ठेवणार नाही. समोर दहा गाड्या उभ्या असताना गाडी गरम होऊन बंद पडायची वाट बघत घाटात बसायला कोणाला वेळ आहे? त्याच्याकडे पोचेपर्यंत गाडी गार होऊन चालू झालेली असायची. मग जे बदलता येतं ते बदलायचं, दुसरं तो तरी काय करणार.

आधी कागद

स्क्रू खोलण्याआधी मी एका कागदावर करंटचा रस्ता काढला. पंपाचं पॅनेल बघताना करतो तसंच. या गाडीत तो असा: मॅग्नेट फिरतो, त्याच्या आत सोर्स कॉइल असते, ती एसी व्होल्टेज तयार करते. ते सीडीआयमध्ये जाऊन आतला कपॅसिटर दोनेकशे व्होल्टपर्यंत भरतो. मॅग्नेटच्या बाहेरच्या अंगाला एक उंचवटा असतो. तो पल्सर कॉइलसमोरून गेला की पल्सर एक छोटा झटका देते. त्या झटक्याने सीडीआयमधला एससीआर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्वीच, उघडतो, कपॅसिटर एकदम रिकामा होतो, ते सगळं प्लगच्या कॉइलच्या प्रायमरीत, म्हणजे पहिल्या वाइंडिंगमध्ये जातं आणि सेकंडरीतून, म्हणजे दुसऱ्या वाइंडिंगमधून, हजारो व्होल्ट प्लगला. ठिणगी.

या रस्त्यावर बॅटरी कुठेच नाही. एसी सीडीआयची गाडी बॅटरी मेली तरी किकवर सुरू होते. डीसी सीडीआय असेल तर गोष्ट वेगळी, तिथे सीडीआयला बॅटरीचे १२ व्होल्ट लागतात. आपली कोणती हे ओळखायला सोपं आहे: इंजिन बंद ठेवून चावी चालू करायची आणि सीडीआयच्या कपलरमध्ये एकेक पिन अर्थशी मोजायची. कुठे १२ व्होल्ट आले तर डीसी. इथे एकाही पिनवर आले नाहीत. बॅटरीचं निदान तिथेच बाद.

आणखी एक गोष्ट, जी माझ्यासारख्या घरगुती वायरिंगच्या माणसाला उलटी वाटते. घरात स्वीच बंद म्हणजे तार तुटलेली. इथे चावी बंद म्हणजे तार जोडलेली. चावी बंद केली की काळी-पांढरी वायर अर्थ होते आणि सोर्स कॉइलचा माल सीडीआयला न जाता गाडीच्या चौकटीत जातो. म्हणजे चावीच्या स्वीचमध्ये नको तिथे थोडीशी जरी गळती झाली, तरी ठिणगी कमजोर. हे कागदावर आलं, तेव्हा पावसातल्या दहा किकांचं काहीतरी सुचायला लागलं.

वायरींचे रंग मी या गाडीचे सांगतोय: काळी-लाल सोर्सची, निळी-पिवळी पल्सरची, काळी-पांढरी बंद करायची, काळी-पिवळी प्लगच्या कॉइलला जाणारी, हिरवी अर्थ. कंपनी बदलली की रंग बदलतात. आपल्या गाडीचा नकाशा हातात नसेल तर रंगावर भरवसा न ठेवता वायर कुठून निघते आणि कुठे जाते ते बोटाने धरून बघावं.

थंड गाडीचे आकडे, आणि त्यांनी दिलेला चकवा

सीडीआयचा कपलर काढून, थंड गाडीवर, दुकानात २८ अंश तापमान असताना घेतलेली रीडिंग: सोर्स कॉइल २८६ ओहम. पल्सर ११२ ओहम. प्लगच्या कॉइलची प्रायमरी अर्धा ओहम (मीटरच्या वायरींचेच ०.३ वजा करून, स्वस्त मीटरवर प्रोब एकमेकांना लावून हा आकडा आधी बघून घ्यावा, नाहीतर चांगली प्रायमरी खराब वाटते). सेकंडरी कॅपशिवाय ३.६ किलोओहम, कॅपसकट ८.७. म्हणजे कॅपमधला ५ किलोओहमचा रेझिस्टर शाबूत.

सगळं ठीक. गॅरेजमध्येही कोणी मीटर लावला असता तर हेच दिसलं असतं.

मग जुने काढलेले भाग मोजले. भाच्याने ते डब्यात ठेवले होते, हे त्याने केलेलं सगळ्यात शहाणपणाचं काम. जुनी कॉइल नव्यासारखीच. सीडीआय ओहमवर मोजून काही कळत नाही, तो लावूनच बघावा लागतो. लावला, गाडी सुरू झाली. चांगले भाग काढून चांगलेच भाग बसवले होते.

आता चावीकडे. सीडीआयचा कपलर काढलेलाच होता. चावी चालू ठेवून काळी-पांढरी आणि अर्थ यांच्यात मोजलं: अनंत. म्हणजे गळती नाही. पण बाहेर ऑक्टोबरचा उन्हाळा रणरणत होता आणि तक्रार जुलैची. मग झाडांवर पाणी मारायचा फवारा आणला आणि हँडलखालच्या स्वीचवर, त्याच्या कपलरवर दोन-चार वेळा दाबला. मीटर अनंतावरून हलला आणि हळूहळू ६ किलोओहमपर्यंत खाली आला.

सहा किलोओहम ऐकायला मोठा वाटतो. पण तिथे १२ व्होल्ट नाहीत, दोनेकशे आहेत. दोनशेला सहा हजारांनी भागलं तर ३३ मिलिअँपिअर होतात, आणि किकच्या वेगाला सोर्स कॉइलची ऐपत फार मोठी नसते. कपॅसिटर भरायच्या आधीच अर्धा माल गळून जातो.

स्वीच खोलला. आत चिखल. बारीक, वाळून पिठासारखा झालेला, राखाडी. बघताक्षणी ओळखला मी तो.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, तेव्हा ही गाडी माझ्याच दुकानाच्या दारात होती. भाचा आदल्या दिवशी ठेवून बसने घरी गेला होता. पाणी उतरल्यावर गाडी गाळातून बाहेर काढली मी, ऑइल तीनदा बदललं मी, टाकी धुतली, वायरिंगला ब्लोअर मारला, तेही मीच. दुकानातल्या बुडालेल्या मोटरींची वाइंडिंग मी गोड्या पाण्याने धुतली, भट्टीत सुकवली, परत वार्निश दिलं. गाडीच्या मॅग्नेटचं झाकण काढलं, हवा मारली आणि लावून टाकलं. त्या दिवसांत शंभर मोटरी रांगेत होत्या. चावीचा स्वीच तर उघडलाही नव्हता.

दोन वर्षं तो गाळ आत कोरडा होऊन बसला होता. पाऊस आला की ओला होऊन वीज वाहू लागायचा. सीडीआय बदलल्यावर आठवडाभर गाडी का चालली याचंही उत्तर इथेच असावं: काम करताना कपलर काढले-घातले गेले, हवा मारली गेली, आणि त्या आठवड्यात पाऊस उघडला होता असं भाच्याला आठवतं. स्वीच कॉन्टॅक्ट क्लीनरने धुतला, सुकवला, परत फवारा मारला. अनंत.

इथे माझा हात मेगरकडे, म्हणजे जास्त व्होल्टेज देऊन गळती मोजायच्या यंत्राकडे गेला होता, सवयीने. ५०० व्होल्टचा मेगर सीडीआय जोडलेला असताना लावला तर त्याचं तिथेच श्राद्ध. सीडीआय आणि बॅटरी दोन्ही सोडवून, एकट्या वायरीवर लावता येतो. पण या कामाला साधा मीटर पुरला, मेगर कपाटातच राहिला.

पावसातल्या किकांचं कोडं सुटलं. घाटाचं सुटलं नव्हतं. भाचा दुसऱ्या दिवशी गेला आणि तिसऱ्या वळणावरून फोन आला.

घाटातली पहिली फेरी: वाया गेलेली नऊ मिनिटं

गरम झाल्यावर बंद पडणं आणि गार झाल्यावर चालू होणं, याची कारणं फक्त विजेची नसतात. टाकीच्या झाकणातलं हवेचं भोक बुजलं तर पेट्रोल उतरतं तसं आत पोकळी होते, पेट्रोल यायचं थांबतं. थांबलात की हवा हळूहळू आत शिरते आणि गाडी सुरू. अगदी हीच लक्षणं. दुसरं, व्हॉल्व्हचं क्लिअरन्स (मोकळी फट) घट्ट असेल तर गरम झाल्यावर व्हॉल्व्ह नीट बसत नाही, कॉम्प्रेशन जातं. म्हणून गाडी मरते कशी ते नीट ऐकायचं. पेट्रोलची तहान असेल तर ती आचके देते, ॲक्सिलरेटर मागते, खोकते. विजेची असेल तर कोणी चावी फिरवल्यासारखी गप्प होते. भाचा म्हणाला, "मधेच तुटते रे, काही कळत नाही." हे 'मधेच' ऐकून माझा कल विजेकडे गेला, पण कल म्हणजे पुरावा नव्हे.

रविवारी सकाळी मी मागे बसलो आणि निघालो. सोबत मीटर, प्लगचा पाना, दहाचा पाना, आणि एक जुना प्लग ज्याचा बाहेरचा काटा कापून ठिणगीला सहा-सात मिलिमीटर उडी मारावी लागेल असा केला होता. हे का? उघड्या हवेत ०.७ मिलिमीटरच्या गॅपमध्ये मरतुकडी ठिणगीसुद्धा दिसते. सिलिंडरमध्ये हवा नऊ-दहा पट दाबलेली असते, तिथे त्याच गॅपला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं. मोकळ्या हवेत मोठा गॅप दिला की ती परीक्षा जरा खरी होते. प्लग काढून हेडला लावला, ठिणगी दिसली, "करंट आहे" म्हटलं, यात अनेकजण फसतात.

तिसरं वळण. गाडी गप्प. आचका नाही, खोकला नाही.

बाजूला घेतली. टाकीचं झाकण उघडलं: हवा ओढल्याचा आवाज नाही. झाकण उघडं ठेवून किक: नाही. किकला पाय दाबून बघितला, कॉम्प्रेशन भरपूर. प्लग काढला तर ओला, पेट्रोलचा वास. मोठ्या गॅपचा प्लग कॅपला लावून, प्लगच्या भोकापासून लांब, हेडच्या पाठीमागच्या पंखाला नीट टेकवला आणि किक मारली. काही नाही. (लांब यासाठी की त्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर पडते. आणि प्लग अधांतरी ठेवून किक मारू नये. ठिणगीला वाट मिळाली नाही की ती कॉइलमधून किंवा सीडीआयमधून वाट काढते.)

म्हणजे पेट्रोल सुटलं, व्हॉल्व्ह सुटले. ठिणगीच नाही. इथपर्यंत चार मिनिटं.

मग बाजूचं पॅनेल काढायला गेलो. एक स्क्रू गंजलेला. तो निघाला, तर सीडीआयचा कपलर टाकीखालच्या फटीत, बोट जाईना. शेवटी कपलर हातात आला, प्रोब लावले: पल्सर १२५, सोर्स ३२४. चांगले आकडे. परत जोडून किक मारली, गाडी सुरू. घड्याळ बघितलं, बंद पडल्याला नऊ मिनिटं झाली होती. पेशंट तपासायला पोचलो तेव्हा ताप उतरला होता. गॅरेजवाल्याचं नेमकं हेच होत होतं.

दुसरी फेरी

या वेळी तयारी दुकानात केली. पॅनेल घरीच ठेवलं. सीडीआय आणि कपलर फटीतून ओढून बाहेर काढला, फोमचा तुकडा लावून टेपने चौकटीला बांधला, असा की खटकन निघावा. कोणती पिन पल्सरची, कोणती सोर्सची, यावर नेलपॉलिशचे ठिपके दिले. मीटर खिशात, ओहमवरच लावलेला. कपलर न काढता मोजायचं नाही, कारण सीडीआय जोडलेला असला तर त्याच्या आतली वाट समांतर पडते आणि आकडा खोटा येतो.

आणखी एक हिशोब करून ठेवला. तांबं गरम झालं की त्याचा रेझिस्टन्स वाढतो. आम्ही रिवाइंडिंगवाले मोटर किती तापली ते यावरूनच काढतो. त्या सूत्रात २३४.५ हा आकडा असतो. गार तापमानात तो मिळवायचा, गरम तापमानात तो मिळवायचा, आणि दोघांचं प्रमाण म्हणजे रेझिस्टन्सचं प्रमाण. २८ अंशाला ११२ असलेली पल्सर ९० अंशाला १३८ च्या आसपास दाखवायला हवी. म्हणजे घाटात १३५-१४० दिसलं तर पल्सर निर्दोष. हे आधी ठरवून ठेवलं नसतं तर वाढलेला आकडा बघून मी चांगल्या कॉइलवरही आळ घेतला असता.

दोघं बसून परत निघालो. मी अठ्ठ्याहत्तर किलो, भाचा सडपातळ. चढावर दुसऱ्या गिअरमध्ये गाडीला घाम फुटला. दुसरं वळणही पुरं झालं नाही.

कपलर खटकन काढला. सोर्स: ३४१. पल्सर: मीटरच्या पडद्यावर 'ओएल'. म्हणजे तुटलेली. प्रोब दाबून धरले, परत तेच. भाच्याला म्हटलं, घड्याळ बघ. पन्नास सेकंद झाले होते.

सोर्सच्या ३४१ वरून सूत्राने मॅग्नेटच्या आत सुमारे ७८ अंश येतात. चढावरच्या एअर-कूल्ड इंजिनाला यात काही विशेष नाही. मग आम्ही तसेच बसलो, प्रोब लावून, ट्रकवाले हॉर्न मारत जातायत. सहा मिनिटं 'ओएल'. सातव्या मिनिटाला आकडा चमकून गेला, गेला, परत आला आणि १३१ वर स्थिर झाला. १३१ म्हणजे साधारण ७२ अंश. मग १३०, १२९, सावकाश खाली. किक मारली, गाडी सुरू.

भाचा म्हणाला, "एवढंच?" अडीच हजार आणि तीन महिने, त्यामुळे त्याचा राग मला समजला.

टेबलावर

या गाडीत पल्सर मॅग्नेटच्या बाहेर बसते, त्यामुळे मॅग्नेट ओढायचा पुलर लागला नाही. डावीकडचं झाकण काढलं की दोन स्क्रू. पुरातले स्क्रू म्हणजे पुरातले स्क्रू. इम्पॅक्ट ड्रायव्हर आणि हातोडी. स्क्रूच्या डोक्यावर साधा ड्रायव्हर घासत बसू नये, एकदा फूल उडालं की संध्याकाळ गेली.

कॉइल टेबलावर घेतली, मीटर लावला, बाजूला मीटरचाच तापमानाचा प्रोब चिकटवला आणि हीट गन लांबून धरली. ७६ अंशाला तुटली. गार होऊ दिली, ७१ ला जुळली. तीन वेळा केलं, तीन्ही वेळा एक-दोन अंशांच्या फरकाने तेच. तुटलेली असताना लाकडी काडीने वायर जिथे रेझिनमध्ये शिरते तिथे दाबलं, तर आकडा परत आला. बाहेरची वायर कितीही वाकवली तरी फरक नाही. म्हणजे बाहेरची वायर नाही, वाइंडिंगचा मधला भागही नाही; वायरीचं टोक आणि आतली बारीक तार जिथे झाळलीय, तो सांधा.

घरी हीट गन नसेल तर हेअर ड्रायरने होतं, वेळ लागतो इतकंच. उलटही करता येतं: गाडी बंद पडली की संशयित भागावर ओलं फडकं ठेवायचं आणि कशाला गारवा दिला की सुरू होते ते बघायचं. पल्सर झाकणाआड असल्याने तिला ते जमत नाही, पण सीडीआय आणि प्लगच्या कॉइलसाठी युक्ती चांगली आहे. स्टँडवर उभी ठेवून अर्धा तास गाडी तापवायचा उद्योग मात्र नको. वारा नसला तर एअर-कूल्ड इंजिन बिघडतं, आणि बंद खोलीत धूर कोंडतो.

नवी पल्सर आणली. वायर कापून जोडायची होती. पिळून टेप मारण्याचा मोह सोडला. झाळली, वर हीट-श्रिंक नळी घातली. जोडताना दोन वायरी उलट लागणार नाहीत हे बघितलं. पल्सर उलटी जोडली तरी ठिणगी येते, पण चुकीच्या वेळी: किक पायावर उलटी मारते किंवा सायलेन्सरमधून फटाके. असा प्रकार एखाद्या गाडीत नवीन पल्सर बसवल्यावर सुरू झाला असेल तर आधी तिथे बघा. उंचवटा आणि पल्सर यांच्यातली फट फीलरने (फट मोजायच्या पातळ पट्टीने) बघितली, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. भोकं पक्की असल्याने कमी-जास्त करायचं काही नव्हतं.

मग घाट. तीन फेऱ्या, दोन माणसं, भर दुपारी. तिसऱ्या फेरीला मुद्दाम वर थांबून लगेच कपलर काढला: पल्सर १३७. कागदावरच्या आकड्याच्या एक ओहम अलीकडे.

बॅटरीचं काय, तर तेही बघून टाकलं, कारण हॉर्न खरंच कण्हत होता. बॅटरी १२.१ व्होल्ट, म्हणजे बरीच रिकामी. भरलेली असती तर १२.६ च्या वर असती. इंजिन पळवून मोजलं तर १३ सुद्धा होईना. आरआर युनिटवर (बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारा रेग्युलेटर-रेक्टिफायर) संशय घ्यायच्या आधी ब्रेक दाबून दिवा लावला आणि बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनच्या उघड्या धातूपर्यंत व्होल्ट मोजले: ०.७. तिथे शून्याच्या जवळपास हवं. चौकटीवरचा अर्थचा बोल्ट काढला, थिंबलखाली (वायरीच्या टोकाच्या धातूच्या कडीखाली) गंजाची चकती. सँडपेपर, नवी थिंबल, वर थोडं ग्रीस. परत ०.०४. चार्जिंग १४.२ वर आलं, हॉर्न सुधारला. घाटाशी याचा काही संबंध नव्हता. एकाच पाण्याने तीन वेगळ्या जागा खाल्ल्या होत्या आणि तिघांची लक्षणं एकमेकांत मिसळली होती, म्हणून प्रत्येक बदलानंतर थोडं बरं वाटायचं.

नव्या गाड्यांचं विचाराल तर एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत कार्बुरेटर बहुतेक गेला आणि याच कॉइलच्या कामाला क्रँक पोझिशन सेन्सर असं भारदस्त नाव आलं. दुखणं तेच होऊ शकतं. फरक एवढा की तिथे हा सेन्सर गप्प झाला तर ईसीयू (गाडीचा छोटा कॉम्प्युटर) पेट्रोलही सोडत नाही, त्यामुळे प्लग ओला नाही, कोरडा मिळतो, आणि माणूस गाडीतल्या पेट्रोलच्या पंपाच्या मागे लागतो. गाडीच्या मीटरवरचा इंजिनचा दिवा लागला असेल तर आधी कोड वाचून घ्यावा. या जुन्या गाडीत ती सोय नव्हती.

जुनी पल्सर मी हॅकसॉने कापली. गरज नव्हती, पण राहवलं नाही. सांध्यापाशी हिरवी पावडर, आणि केसासारखी तार झाळणीच्या तोंडाशी तुटून नुसती टेकलेली. गार असताना टेकायची, रेझिन फुगलं की सुटायची. २०२१ मध्ये ती धुऊन, भट्टीत सुकवून, वार्निशमध्ये बुडवली असती तर कदाचित वाचली असती. भट्टी चालू होती तेव्हा, दहा पावलांवर.

काढलेली कॉइल, सीडीआय आणि प्लग कॅप भाच्याने डब्यात भरून दुकानात ठेवलेत. महिन्याभराने एका दूधवाल्याची तसलीच गाडी ठिणगीविना आली, तेव्हा त्यातला सीडीआय लावून बघितला. चालला. पण पैसे घ्यायच्या आधी त्याच्याही गाडीचा कपलर काढून पल्सर मोजली, आधी थंड आणि मग हीट गनखाली.